एक गाडा, एक पदार्थ

"ताई, आधी टेबल धर, त्याचा नंबर पाठ कर आणि मगच ऊठ," मावसभाऊ म्हणाला. टेबलाचा नंबर होता 26. कोपऱ्यावर लाल रंगाने लिहिलेला, वर्षानुवर्षं फडकं फिरून निम्मा पुसलेला. डोक्यावर पत्र्याचं उंच छप्पर, पायाखाली ओली फरशी, प्लॅस्टिकची स्टुलं, आणि तिन्ही बाजूंनी ओळीने गाडे. प्रत्येक गाड्यावर एक कढई किंवा एक पातेलं, आणि त्यामागे एक किंवा दोन माणसं. मलेशियातल्या पेनांग बेटावर, जॉर्ज टाउन शहरात, ही माझी पहिली संध्याकाळ होती. माझा मावसभाऊ बायान लेपासच्या इलेक्ट्रॉनिक्स कारखान्यात इंजिनिअर आहे. तो आणि वहिनी गेली कित्येक वर्षं तिथेच राहतात, आणि आठवड्यातून तीन रात्री अशाच छपराखाली जेवतात.

मी चार गाड्यांवर गेले, चार पदार्थ सांगितले, चारही वेळा "26" म्हटलं आणि येऊन बसले. पहिल्यांदा आला तो पेयंवाला. तो जागेवर येऊनच विचारतो, कारण छपराखालच्या कॉफी-चहाचा धंदा एकाकडे असतो आणि खाण्याचा बाकी सगळ्यांकडे. मग एकेक करून थाळ्या आल्या. प्रत्येक गाड्यावरचं माणूस आपली थाळी ठेवायचं, आपले पैसे घ्यायचं आणि जायचं. चारही थाळ्यांचे रंग वेगळे. जेवण झाल्यावर भांडी गोळा करणाऱ्याने रंग बघून ती ज्याच्या त्याच्या गाड्याकडे परत न्यायची. एका टेबलावर चार चुली आल्या होत्या, आणि कुणाचा कुणाशी हिशेब अडकलेला नव्हता.

हॉटेलात जेवायला बसलो की समोर लांबलचक मेनूकार्ड येतं. आत एकच आचारी ते सगळं रांधतो, आणि कशावरच त्याचा पुरा जीव नसतो. इथे उलट आहे. एका गाड्यावर एकच पदार्थ, फार तर त्याचेच दोन-तीन प्रकार. तीस-तीस, चाळीस-चाळीस वर्षं तोच. पेनांगच्या खाण्याचा जगभर जो लौकिक आहे, त्याचं मूळ मला मसाल्यांपेक्षा या अरुंदपणात दिसतं.

अशा जागेला मलायमध्ये 'मेदान सेलेरा' म्हणतात. मेदान म्हणजे आपलं मैदानच, आणि सेलेरा म्हणजे खाण्यावरची वासना. मराठी माणसाला या भाषेत पावलोपावली ओळखीचं कुणी तरी भेटतं. गुला म्हणजे साखर, आपल्या गुळाचं सख्खं भावंड. काचा म्हणजे काच. रसा म्हणजे चव. हर्गा म्हणजे किंमत, संस्कृतातल्या 'अर्घ'वरून आलेला शब्द. शहरातल्या जुन्या मंडईचं नावच 'चौरस्ता' आहे. आणि पुलाऊ पिनांग या बेटाच्या मलाय नावाचा अर्थ आहे सुपारीचं बेट. श्रीवर्धनच्या माणसाला याहून जवळचं नाव ते कोणतं असणार?

पण ओळखीचा खरा धक्का बसला तो दुसऱ्या दिवशी दुपारी, आसाम लाक्साच्या वाडग्यापाशी.

आसाम म्हणजे आंबट, आपल्या आसाम राज्याशी त्याचा काही संबंध नाही. तांदळाच्या जाडसर, पांढऱ्या, गुळगुळीत शेवया उकळत्या पाण्यातून काढून वाडग्यात घालतात. त्यावर माशाचा पातळ, गढूळ तांबूस रस्सा ओततात. पुन्हा तो रस्सा पातेल्यात काढून घेतात आणि पुन्हा ओततात. असं दोन-तीनदा केलं की शेवया आतपर्यंत गरम होतात. मग वरून काकडीच्या आणि अननसाच्या काड्या, कांदा, लाल मिरची, पुदिना, आणि आल्याच्या कुळातल्या एका झाडाच्या गुलाबी कळीचे बारीक काप. या फुलाला बुंगा कांतान म्हणतात, आणि त्याच्या वासावरून तुम्ही डोळे मिटूनही लाक्साचा गाडा शोधू शकता. शेवटी चमच्यात एक काळा, मधासारखा दाट, गोड-खारट पदार्थ येतो. तो कोळंबीचा आटवलेला अर्क, तिथे त्याला 'हे को' म्हणतात. तो रश्शात ढवळायचा.

पहिला घोट घेतला आणि मी चमचा खाली ठेवला. ही चव मला माहीत होती. वहिनीला म्हटलं, "अगं, हा बांगडा आहे." ती हसली. तिला हे पहिल्याच वर्षी कळलं होतं. लाक्सात पडतो तो 'इकान केम्बुंग', म्हणजे आपल्या बांगड्याचाच गणगोत. मासा उकडायचा, हाताने काटे काढायचे, मांस कुस्करून परत रश्शात घालायचं. रश्शाला आंबटपणा येतो चिंचेने आणि 'आसाम केपिंग'ने. आसाम केपिंग म्हणजे एका फळाच्या वाळवलेल्या चकत्या, आणि ते झाड गार्सिनिया कुळातलं आहे. आपला कोकमही त्याच कुळातला. म्हणजे त्या चकत्या आमसुलाच्या चुलतबहिणी झाल्या. वाटणात पडतो तो 'बेलाचान'. बारीक जवळ्यात मीठ घालून, तो कुटून, आंबवून, उन्हात वाळवून केलेल्या या वड्या. ज्या सूक्ष्म कोळंबीपासून त्या होतात ती 'गेरागाऊ', म्हणजे आपल्या जवळ्याच्याच जातकुळीतली. बांगडा, आमसूल आणि जवळा हे तिन्ही माझ्या आजोळच्या स्वयंपाकघरात शिंकाळ्यावर आणि बरण्यांत होते. फक्त माझी जीभ तिरफळ शोधत होती आणि तिथे तिला रश्शातल्या 'केसूम' नावाच्या पानाचा तिखट हिरवा वास मिळाला.

दोन किनाऱ्यांवरच्या कोळणींना एकच समुद्र एकच मासळी देतो. मग एक किनारा त्याचं तिखलं करतो आणि दुसरा लाक्सा. सीएनएनने 2011 मध्ये जगातल्या 50 उत्तम पदार्थांची यादी केली, त्यात पेनांगच्या आसाम लाक्साला सातवा क्रमांक दिला होता. गाड्यामागची बाई साठीच्या पुढची होती. यादीबद्दल तिला माहीत होतं, पण बोलण्यासारखं त्यात काही वाटत नव्हतं. ती बोलली ती माशाबद्दल. पहाटे चारला उठून मासे उकडायचे, काटे मशीनने निघत नाहीत, मुलगी मदतीला आली तरी तिच्या बोटांना अजून सवय झालेली नाही, हे सगळं तिने वहिनीला मलायमध्ये सांगितलं. सासूकडून आलेला गाडा. दुसरा पदार्थ का करत नाही, असं मी विचारायला लावलं. तिने पातेल्याकडे बोट दाखवून सांगितलं की याच्यापुढे वेळ उरत नाही.

त्याच रात्री चार क्वे त्याओच्या गाड्यापुढे मी पाऊण तास उभी राहिले. खाण्यासाठी पंधरा मिनिटं पुरली असती, उरलेला वेळ मी नुसतं बघत होते. चार म्हणजे परतणं, क्वे त्याओ म्हणजे तांदळाच्या चपट्या पट्ट्या. फुज्यान आणि ग्वांगडाँगहून आलेल्या चिनी मजुरांचं हे पोटभरीचं खाणं. अंगमेहनत करणाऱ्याला स्वस्तात ताकद हवी असते, म्हणून ते डुकराच्या चरबीत परतायचं.

कढई तापून धूर निघाला की चरबी, लगेच लसूण, लगेच पट्ट्या. सोया सॉसचा फवारा, मिरचीच्या वाटणाचा एक गोळा. मग पट्ट्या एका बाजूला सारून मोकळ्या जागेत अंडं फोडायचं. बदकाचं हवं असेल तर ते आधी सांगावं लागतं, आणि मी म्हणेन ते जरूर सांगा. कोळंबी, चिनी सॉसेजचे काप, मुगाचे मोड, लसणाच्या पातीसारखी कुचाई. अगदी शेवटी रक्तासारख्या लाल रसाच्या शिंपल्या, म्हणजे त्या नुसत्या गरम होतात आणि चामट होत नाहीत. सगळं मिळून दीड-दोन मिनिटं. आणि कढईत एका वेळी एकच थाळी.

रांगेत वीस माणसं असली तरी एकच. यात हट्ट नाही, कारण आहे. दोन थाळ्यांचा माल एकदम पडला तर कढई थंड होते, मोडांतलं पाणी सुटतं आणि पट्ट्या परतण्याऐवजी वाफवतात. मग तो करपल्यासारखा, धुराचा जो वास हवा तो येतच नाही. कॅन्टनी भाषेत त्याला 'वोक हे', कढईचा श्वास, म्हणतात. काही गाडेवाले अजून कोळशावर करतात, पंखा लावून जाळ वाढवतात. तो माणूस एका रात्रीत शंभरावर थाळ्या तरी परतत असेल, आणि माझ्यासमोरच्या प्रत्येक थाळीला त्याने पहिल्या थाळीइतकंच लक्ष दिलं. मी कुठल्याही कामात इतकी एकाग्रता फार थोड्यांकडे पाहिली आहे. एका थाळीची किंमत आठ-दहा रिंगिटच्या आसपास, म्हणजे आपले दोनशे रुपये धरा.

बाकीच्या पदार्थांवर मी एवढी रेंगाळले नाही, पण एका नावावर मात्र अडकले. 'नासी कांदार.' नासी म्हणजे भात. कांदार म्हणजे कावड. तमिळ मुसलमान फेरीवाले खांद्यावर कावड घेऊन बंदरात फिरायचे, एका टोकाला भात, दुसऱ्या टोकाला कालवणं. आज कावड गेली, दुकानं आली, नाव राहिलं. भातावर तीन-चार कालवणांचा रस एकत्र घालून घेतात, आणि भरपूर हवा असेल तर म्हणायचं 'बांजिर', म्हणजे पूर. या तमिळ मुसलमानांना सगळा देश 'मामाक' म्हणतो. शब्द तमिळमधला मामा. मराठीतही तो तसाच आहे, त्यामुळे मामाकच्या टपरीवर रोटी चनाई आणि वरणासारखी डाळ मागवताना परकं वाटणं कठीण जातं. रोटी हवेत झेलून कागदासारखी ताणणारा आणि चहा एका मगातून दुसऱ्या मगात हातभर उंचीवरून ओढणारा, दोघेही पहाटेपासून उभे असतात. नासी लेमाक (नारळाच्या दुधातला भात), रोटी चनाई आणि तेह तारिक (हाच ओढलेला चहा) यांच्या भोवतीची मलेशियाची न्याहारीची संस्कृती डिसेंबर 2024 मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली. शेजारच्या सिंगापूरची हॉकर संस्कृती 2020 मध्येच गेली होती. जॉर्ज टाउन शहर स्वतः मलाक्कासोबत 2008 पासून जागतिक वारसास्थळ आहे.

हा लेख दिवाळी अंकात लिहायचं मुख्य कारण मात्र पुढचं आहे. मी गेले ते दिवस आपल्या नवरात्राचे होते. छपराखालच्या काही गाड्यांवर पिवळ्या झेंड्या लागल्या होत्या, त्यांवर लाल चिनी अक्षरं. मावसभाऊ म्हणाला, हे शाकाहारी गाडे, नऊ दिवसांचे. चिनी पंचांगातल्या नवव्या महिन्याच्या पहिल्या नऊ दिवसांत नऊ सम्राटदेवांचा उत्सव असतो. चांद्रमास तिथेही अमावास्येनंतरच सुरू होतो, म्हणून तो बहुतेक वर्षी आपल्या अश्विन शुद्ध प्रतिपदेपासून नवमीपर्यंतच येतो. या नऊ दिवसांत भक्त पांढरे कपडे घालतात आणि मांस-मासे सोडतात. एरवी डुकराची चरबी वापरणारे काही गाडेवाले त्या दिवसांत चरबी बंद करून, भांडी बदलून, सोयाबीन आणि मश्रूमवर तेच पदार्थ उभे करतात. कांदा-लसूणही वर्ज्य. वहिनीचा उपवास होता, तिने तिथे फक्त फळं आणि काळी कॉफी घेतली. पण तिच्या शेजारच्या टेबलावर पांढऱ्या सदऱ्यातलं एक अख्खं चिनी कुटुंब पिवळ्या झेंडीच्या गाड्यावरचं जेवत होतं. त्यांनी एकमेकांना, मला वाटतं, ओळखलं. मराठी वाचकांतले शाकाहारी लोक पेनांगला जायला घाबरतात. त्यांनी हे नऊ दिवस गाठावेत, इतका चांगला काळ दुसरा नाही.

आणि दिवाळी. मलेशियात दीपावलीची सार्वजनिक सुटी असते, सारावाक राज्य सोडून. लिटल इंडियाच्या दुकानांत मुरुक्कूच्या, म्हणजे आपल्या चकलीच्या, पिशव्या आधीपासून टांगलेल्या दिसतात.

हे सगळं वाचून तिथे सगळे जण सदैव एकत्र जेवतात असं चित्र उभं राहत असेल, तर ते पुरतं खरं नाही. चिनी गाड्यांवर डुकराचं मांस असतं, म्हणून मलाय मुसलमान तिथे खात नाहीत. समुद्राकाठच्या गर्नी ड्राइव्हच्या प्रसिद्ध फूड कोर्टात हलाल गाड्यांची बाजू वेगळी आहे. हिंदू गोमांस टाळतात, आणि ग्वानयिन देवीला मानणारे पुष्कळ चिनीही टाळतात. ज्याची त्याची बंधनं आहेत, आणि 13 मे 1969 च्या चिनी-मलाय दंगलीची आठवण असलेल्या देशात ती कुणी हलक्यात घेत नाही. तरीही मला त्या व्यवस्थेत एक मोठं शहाणपण दिसलं. कुणी कुणाला तुझं बंधन सोड असं म्हणत नाही. भांडी वेगळी, चूल वेगळी, छप्पर एक. आणि मामाकच्या टपरीवर, जिथे डुकराचं मांस नसतं, तिथे मध्यरात्री फुटबॉलचा सामना बघत तिन्ही समाजांची पोरं खांद्याला खांदा लावून बसलेली मी पाहिली. एकत्र येण्यासाठी सगळ्यांनी एकच खायला हवं, असं कुठे आहे?

आता काळजीचं. गाड्यांमागे मी जे हात पाहिले ते बहुतेक म्हातारे होते. मुलं शिकली, क्वालालंपूरला किंवा सिंगापूरला गेली, किंवा बायान लेपासच्या वातानुकूलित कारखान्यात लागली. कढईसमोर रोज आठ तास कोण उभं राहणार? मग मदतीला म्यानमारचे, बांगलादेशचे, इंडोनेशियाचे, नेपाळचे कामगार आले, आणि हळूहळू काही ठिकाणी कढईही त्यांच्याच हाती गेली. पेनांगच्या राज्य सरकारने 2014 मध्ये जाहीर केलं की स्थानिक पदार्थांच्या गाड्यांवर परदेशी माणसाने मुख्य आचारी म्हणून रांधायचं नाही. 2016 पासून हा नियम लागू झाला. भांडी घासायला, भाजी चिरायला चालेल, उलथणं हातात घ्यायचं नाही.

चवीच्या काळजीपोटी हे झालं, हे मला समजतं. तरी मला तो नियम पटला नाही. नासी कांदार आणणारा कावडवाला परदेशीच होता. क्वे त्याओ परतणारा पहिला माणूस जहाजातून उतरला होता. फ्रान्सिस लाइटने 1786 मध्ये इंग्रजांचं ठाणं वसवलं तेव्हापासून हे शहर उतरणाऱ्यांनीच बांधलं. चव हाताला लागते ती वर्षानुवर्षं उभं राहून, जन्माच्या दाखल्याने नाही. लाक्साची ती बाई जे वीस वर्षांत शिकली, ते यांगूनहून आलेली मुलगीही वीस वर्षांत शिकेल, जर कुणी तिला तितकी वर्षं राहू दिलं तर. खरी अडचण तिथे आहे: परवाने थोड्या थोड्या वर्षांचे असतात, आणि हा धंदा आयुष्याचा आहे.

डिसेंबर 2022 मध्ये मिशलिनने क्वालालंपूर आणि पेनांगसाठी पहिल्यांदा मार्गदर्शिका काढली आणि कित्येक गाड्यांना त्यात जागा मिळाली. त्यामुळे रांगा वाढल्या. रांग बघून एखादा मुलगा घरी परत आला, असंही ऐकलं. तसं अधिक घडावं अशी माझी मनापासून इच्छा आहे.

पण शेवटी जे मला सगळ्यात मोलाचं वाटलं ते कुठल्याही मार्गदर्शिकेत नाही. ते म्हणजे नळ. प्रत्येक गाड्यामागे नळ होता, खाली गटार, वर छप्पर, विजेचा मीटर, आणि दर्शनी जागी परवाना. रस्त्याकडेच्या फेरीवाल्यांना मलेशियातल्या नगरपालिकांनी गोळा करून अशी आवारं दिली. सगळ्यांना नाही. लोरोंग बारूत आणि चुलिया स्ट्रीटवर रात्री गाडे अजून रस्त्यावरच लागतात, आणि तेही उत्तम. पण ज्यांना जागा मिळाली त्यांची भीती गेली. उद्या गाडा उचलला जाणार नाही हे ठाऊक असल्याशिवाय कुणी चाळीस वर्षं एकाच पदार्थावर कशाला घालवील? आपल्याकडे पथविक्रेत्यांच्या संरक्षणाचा कायदा 2014 मध्येच झाला, त्यात शहर पथविक्रेता समित्या आहेत, सर्वेक्षण आहे, प्रमाणपत्रं आहेत. तो कागदावरून नळापर्यंत पोचवा, एवढीच माझी महाराष्ट्रातल्या महापालिकांना कळकळीची विनंती आहे. आपल्या मिसळीच्या, दाबेलीच्या, भुर्जीच्या गाड्यांमागे एक नळ आणि एक झाकलेलं गटार द्या.

कुणी जाणार असाल तर तीन-चार जण मिळून जा, म्हणजे थोडं थोडं सगळं चाखता येईल. गाडेवालीला आंटी म्हणा, गाडेवाल्याला अंकल. साखर कमी हवी असेल तर 'कुरांग मानिस', अजिबात नको असेल तर 'कोसोंग'. बांधून हवं तर 'तापाऊ'. सुटे रिंगिट जवळ ठेवा, प्रत्येक थाळीला वेगळे द्यावे लागतात. चेंडोल या थंड, गोड पदार्थावर माडाचा गूळ असतो, गोव्याच्या माणसाने तो आधी चाखावा. आणि लाक्सासाठी संध्याकाळची वाट बघू नका. त्या बाईचं पातेलं दुपारी तीनला रिकामं होतं.